चावीचा दगड

दगडाला शेंदूर लागला की तो दगड राहत नाही, हे सूर्यभान पाथरवटाला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याचा जन्म दगडात गेला होता. तरीही चुडाव्याच्या अलीकडच्या त्या बारक्या स्टेशनावर त्यानं आपल्या हातानं एका दगडाला शेंदूर लावला, नारळ फोडला आणि हात जोडून मोकळा झाला. पुढं जे झालं त्याबद्दल त्यानं रेल्वेला दोष देऊन पाहिला, गुत्तेदाराला देऊन पाहिला, लाइनीशेजारच्या म्हाताऱ्या धुरपताबाईलाही दिला. पण तो कुणालाच नीट चिकटेना.

स्टेशन म्हणजे काय, तर काळ्या दगडाच्या दोन खोल्या, पुढं एक पडवी, आणि पडवीच्या तोंडाशी ही थोरली कमान. दिवसाकाठी गाड्या थांबायच्या त्या मोजक्याच, आणि उतरणारी माणसं त्याहून मोजकी. अशा ठिकाणी एवढी देखणी कमान निजामाच्या कुठल्या साहेबानं आणि कोणत्या लहरीत बांधायला लावली, देव जाणे. पण बांधली होती ती सूर्यभानच्या बापानं, राणीसावरगावच्या भुजंग पाथरवटानं. कमानीच्या माथ्यावर मधोमध जो दगड असतो, ज्याच्यावर दोन्ही बाजूंचे दगड रेटून उभे राहतात, त्याला पाथरवट चावी म्हणतात. त्या चावीवर भुजंगानं एक उमललेलं कमळ कोरलं होतं. ते कुणी सांगितलं नव्हतं, त्याची मजुरीही मिळाली नव्हती. आपली हौस म्हणून कोरलं होतं.

त्या कमानीनंतर भुजंग फार दिवस जगला नाही. दगडाची धूळ छातीत बसली आणि खोकून खोकून गेला. मागं ना शेत राहिलं, ना घर, ना त्याची एखादी तसबीर. सूर्यभानला बापाचा चेहरासुद्धा धड आठवत नव्हता. खांद्यावर बसवून त्यानं एकदा ते कमळ दाखवलं होतं आणि बापाचं डोकं चुन्यानं पांढरं झालेलं होतं, एवढंच त्याच्या ध्यानात होतं. म्हणून रेल्वेनं कुठंही जायचं झालं की सूर्यभान खिडकीशी बसायचा आणि शेजारच्या अनोळखी माणसाला कोपरानं ढोसून म्हणायचा, ‘‘ते बगा, ती कमान. माझ्या बापाचं काम हाय ते.’’ शेजारचा माणूस बघेपर्यंत गाडी पुढं गेलेली असायची.

पुढं रझाकारांच्या धामधुमीत कुणीतरी स्टेशनाला आग लावली. कुणी लावली हे प्रत्येक जण वेगळं सांगायचा. पडवीचं लाकडी छत जळालं, तापून कमानीचे सांधे सुटले आणि एक खांदा खचला. लाकडी बल्ल्यांचा टेकू देऊन ती तशीच वर्षानुवर्षं उभी राहिली. निजामाचं राज्य गेलं, रेल्वेवरचं नाव बदललं, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तरी टेकू काही निघाला नाही. मग रेल्वेचा एक साहेब आला. लांबच्या मुलखातला, चष्मेवाला, जुन्या कामाचा शौकीन. ट्रॉली थांबवून तो कमानीखाली बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, अशी कमान या सगळ्या लाइनीवर दुसरी नाही, ही पाडायची नाही. उकलायची आणि त्याच दगडांनी, चुन्यातच, होती तशी परत उभी करायची.

काम परभणीच्या दिनकररावांना मिळालं. दिनकरराव गुत्तेदार माणूस, जिल्ह्यात कुठंही शाळा म्हणा, मोरी म्हणा, गोदाम म्हणा, बांधायला हजर. मनानं वाईट नव्हता, पण कामाची घाई त्याच्या अंगातच होती. जेवतानासुद्धा पुढच्या घासाकडं बघत जेवायचा. सूर्यभानला बोलावून त्यानं सांगितलं तेव्हा सूर्यभानचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. घरी येऊन त्यानं बायकोला, कोकिळेला सांगितलं, आणि सांगता सांगता त्याला रडूच आलं. कोकिळा म्हणाली, ‘‘रडायलाव कशाला? बापाचं काम पोराच्या हाताला आलं, यापरीस काय पायजे माणसाला?’’ तिचं खरंच होतं. सूर्यभानला दुसरं काही नकोच होतं. बापानं बसवलेली चावी आपल्या हातानं परत बसवायची, आणि मग मेलं तरी चालेल, असं त्याला वाटलं.

आता पाथरवटाची एक रीत असते. कमान उकलायची तर पहिल्यांदा चावी काढायची. ती बसते सगळ्यात शेवटी आणि निघते सगळ्यात आधी. आणि तिला हात लावायच्या आधी तिची पूजा करायची. बसला दगड उठवायचा म्हणजे झोपल्या माणसाला उठवण्यासारखं, तेव्हा त्याची माफी मागायची, शेंदूर लावायचा, नारळ फोडायचा. इतर मिस्तरी बोटभर शेंदराचा टिळा लावून मोकळे होतात. सूर्यभानला तेवढ्यानं कुठलं समाधान! बापाच्या हातचा दगड. त्यानं वाटीभर शेंदूर तेलात कालवला आणि कमळाच्या पाकळी पाकळीला लावला. दगड असा लालभडक झाला की खालून बघणाऱ्या मजुरांनी आपसूक हात जोडले.

मग दगड एकेक करून उतरवले. प्रत्येकावर गेरूनं खूण केली आणि स्टेशनामागच्या लिंबाखाली कमान उभी होती त्याच क्रमानं जमिनीवर आडवी मांडून ठेवली. म्हणजे परत चढवताना कुठला कुठं हे विचारायला नको. चावी मधोमध, लिंबाच्या बुंध्याशी. एवढं होतंय तोवर दिनकररावांचा निरोप आला की पूर्णेच्या इंजिनांच्या शेडमधली फरशी तातडीनं करायची आहे, चुना मुरायला वेळ आहेच, तर सगळी माणसं घेऊन तिकडं या. सूर्यभान गेला. दगड कोण नेतो? दगडच ते, असं त्याला वाटलं.

पूर्णेहून तो परतला तेव्हा थंडी ओसरायला लागली होती. लिंबाखालचे बाकीचे दगड होते तसेच धूळ खात पडले होते, आणि चावी उभी होती. तिला मातीचा ओटा केला होता, ओट्याला शेणाचं सारवण होतं, लिंबाच्या फांदीला भगवं फडकं बांधलं होतं. पुढं निवद, हळदकुंकू, उदबत्तीच्या काड्या. आणि सूर्यभानच्या शेंदरावर आणखी किती थर चढले होते, त्याचा पत्ता नव्हता. कमळ त्याखाली पार बुजून गेलं होतं.

ओट्याशी एक म्हातारी तांब्यातून पाण्याची धार धरून उभी होती. ती धुरपताबाई. लाइनीला लागून तिचं शेत आणि शेतातच घर. नवरा नाही, मुलगा गाळपाच्या हंगामात ऊस तोडायला लांब गेलेला, घरात ती आणि तिची सून दैवशाला.

‘‘मावशी, ह्यो दगड कुणी उभा केला?’’ सूर्यभाननं विचारलं.

‘‘दगड म्हणू नको बाबा, जीभ झडंल,’’ ती म्हणाली. ‘‘देव हाय त्यो. आपसूक निगाला.’’

‘‘निगाला न्हाई मावशी, मी काढून ठिवला. कमानीचा हाय. बाकीचे बगा की, त्याच्याच रांगेतले हायत.’’

‘‘मंग शेंदूर एकट्या त्यालाच कसा?’’

 शेंदूर मीच लावला म्हणावं, तर ती म्हणाली असती, मग तूही देव मानलासच की. आणि सूर्यभान मानतच होता. दगडाला हात जोडताना त्यानं काही खोटे हात जोडले नव्हते.

धुरपताबाईनं मग त्याला सगळं सांगितलं. दैवशालाची तीन बाळंतपणं वाया गेली होती. दोन पोटातच, एक अपुऱ्या दिवसांचं, हातात येऊन गेलं. आता पुन्हा दिवस राहिले होते. वैद्य झाला, पूर्णेचा दवाखाना झाला, राणीसावरगावची देवी झाली. एके दिवशी सून लिंबाखालून जाताना चक्कर येऊन पडली, आणि सावध झाली ती नेमकी या दगडाला टेकून. त्या दिवसापासून धुरपताबाईनं नवस बोलला होता: सून सुखरूप बाळंत होईपर्यंत रोज पाणी घालीन, देवाला जागचा हलू देणार नाही.

‘‘आजवर इतके म्हैने पोटात टिकलंच न्हवतं रे लेकरा,’’ ती म्हणाली. ‘‘आता टिकलंय. तू दगड म्हन, कायबी म्हन. पाडव्याच्या मागंपुढं बाळंत होईल ती. तोवर हलवू नको. बाळंत झाली की मी माज्या हातानं तुज्या हवाली करते. शब्द हाय माजा.’’

सूर्यभाननं मनात हिशेब घातला. कमान दोन्ही बाजूंनी चढवत आणायला पाडवा येतोच. चावी बसते शेवटी. तोवर लाकडी आधारावर कमान उभी राहील, मध्ये एका दगडाची जागा मोकळी राहील, राहू दे. चष्मेवाला साहेब समजूतदार होता, तो थांबला असता. सूर्यभान म्हणाला, ‘‘बरं मावशी. तुज्या सुनंचं बाळंतपण व्हऊ दे आदी.’’ आणि घरी जाऊन तो कोकिळेजवळ या शहाणपणाची फुशारकीही मारून आला. कोकिळा दुसऱ्या दिवसापासून कामावर येता येता तांब्याभर पाणी त्या दगडावर घालायला लागली. सूर्यभान तिच्याकडं बघायला लागला तर म्हणाली, ‘‘तुमीच तर लावला की शेंदूर. माज्याकडं काय बगायलाव?’’

काम जोरात सुरू झालं. बैलाच्या घाण्यात चुना मळला जात होता, त्यात गूळ पडत होता, बेलाचा गर पडत होता, आणि पोरंटोरं त्या गुळावर डोळा ठेवून घिरट्या घालत होती. सूर्यभान एकेक दगड हातानं पुसून, गेरूची खूण बघून चढवायचा. काही दगडांच्या आतल्या अंगाला, जिथं कुणाची नजर कधी जायची नव्हती, तिथंही बापाच्या टाकीचे घाव सारख्या अंतरानं पडलेले होते. ते बघून त्याला बरं वाटायचं. इतक्या वर्षांनी बाप त्याला कामातून दिसायला लागला होता.

शिमगा तोंडावर आला आणि चष्मेवाल्या साहेबाची बदली झाली. तो जाताना भेटलासुद्धा नाही. साहेबलोकांच्या बदल्यांची गोष्ट गुत्तेदाराला कळते तीच मुळी नवा साहेब आल्यावर. नवा साहेब तरणा होता, चटचट चालायचा, आणि त्याचा जीव सिमेंटात होता. यलदरीला नदीवर थोरलं धरण उठायचं घाटत होतं, जिकडं तिकडं सिमेंटाच्या गोष्टी चालल्या होत्या, आणि याला चुन्याचा वाससुद्धा खपत नव्हता. तो आला, कमानीसमोर उभा राहिला. दोन्हीकडून दगड आले होते आणि माथ्यावर मधोमध खिंडार. त्यानं हिंदीत दिनकररावांना विचारलं, हे काय आहे?

दिनकररावांनी सूर्यभानकडं पाहिलं. सूर्यभाननं लिंबाकडं पाहिलं. आता साहेबाला काय सांगायचं, की साहेब, एक दगड देव झाला आहे?

दिनकररावांनी सांगून पाहिलं. साहेब हसला नाही, रागावलाही नाही, आणि तेच वाईट होतं. तो म्हणाला, शिमग्यानंतरच्या पंधरवड्यात मोठ्या साहेबांची स्पेशल गाडी या लाइनीवरून जाणार आहे. टेकू लावलेलं, भगदाड पडलेलं स्टेशन मला त्यांना दाखवायचं नाही. तोवर चावी बसली तर ठीक. नाहीतर कमान काढायची, रुळाचे तुकडे आडवे टाकायचे आणि वर सिमेंटाचा सपाट स्लॅब. लाकडी आधारही त्याला पुढच्या मोरीसाठी हवा होता.

‘‘पाडव्यापत्तूर थांबा म्हनावं साहेबाला,’’ सूर्यभान म्हणाला.

‘‘साहेब काय माझ्या घरचा सालगडी आहे का, थांबा म्हणायला?’’ दिनकरराव वैतागले. ‘‘तो दगड आणा. दुपारी माणसं घेऊन जाऊ आणि उचलू. म्हातारीला मी समजावतो.’’

दुपारी ते गेले. बल्ल्या होत्या, दोर होते, पहारी होत्या, आणि ओट्याभोवती उभी धट्टीकट्टी माणसं होती. पण त्यातला एकही हात पुढं होईना. आश्रुबा नावाचा मजूर कमानीवर माकडासारखा चढायचा, वरून पडायची त्याला भीती नव्हती. तो म्हणाला, ‘‘मालक, दुसरं काय बी सांगा. शेंदराच्या दगडाला पहार लावायची मला सांगू नगा. मला बी लेकरं हायत.’’ दिनकरराव त्याला शिव्या देत होते आणि शिव्या देता देता त्यांनी स्वतःच्या पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या. हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

शेवटी सगळे सूर्यभानकडं बघायला लागले. शेंदूर त्यानं लावला होता, तेव्हा उचलला तर त्यानंच उचलावा, असं प्रत्येकाच्या तोंडावर होतं. सूर्यभाननं पहार घेतली, ओट्याच्या कडेला रोवली. धुरपताबाई आडवी आली नाही, ओरडलीही नाही. ती एवढंच म्हणाली, ‘‘तू मला बरं म्हनाला हुतास रे.’’

तेवढ्यात दैवशाला घरातून आली. पोरसवदा, रोडकी, आणि पोट एवढं की दोन्ही हातांनी सावरत चालायची. काय चाललंय ते बघून ती जागच्या जागी थांबली.  तिनं पोटावरचा हात घट्ट केला आणि दगडाकडं बघत राहिली. तिच्या ओठांचा रंग उडालेला सूर्यभानला लांबून दिसला.

त्यानं पहारीवर जोर देऊन पाहिला. नाही असं नाही. बापाचं कमळ त्या शेंदराखाली होतं, कमानीतली जागा त्याच्यासाठी मोकळी होती, एक झटका दिला असता तर ओटा फुटून दगड आडवा झाला असता. पण उद्या या पोरीला काही झालं तर? देव असो नसो, सारा गाव म्हणेल सूर्यभाननं केलं, आणि गावाचं सोडा, तो स्वतःच तसं म्हणाला असता.  पहार तिथंच टाकून तो खाली बसला. दिनकररावांनी चपला घातल्या आणि ते स्टेशनाकडं चालायला लागले.

मग एकच वाट राहिली, नवी चावी घडवायची. सूर्यभान खाणीवर गेला, हात फिरवून फिरवून एक दगड निवडला, बैलगाडीनं आणवला आणि टाकी घेऊन बसला. जेवण कोकिळा जिथल्या तिथं द्यायची. त्याला कळत होतं की आपण आपल्या बापाशी बेइमानी करतोय. पण चावी दुसरी का असेना, कमान तर बापाची राहील, अशी तो मनाची समजूत घालत होता. कमळ कोरायला वेळ नव्हता. कोरायचं धाडसही नव्हतं. दगड साधाच ठेवला, पण मापाला नेमका आणला.

चढवायच्या दिवशी गाडी जाऊ दिली आणि दगड वर घेतला. सूर्यभाननं हातोड्यानं एकेक ठोका देत तो खिंडारात उतरवला. बोटभर राहिला होता. त्यानं शेवटचा ठोका दिला आणि आवाज बद्द आला. पाथरवटाला तो आवाज पुरतो. दगडाच्या पोटात शीर होती, वरून न दिसणारी बारीक चीर. ती उकलली आणि दगडाचे दोन तुकडे होऊन आधाराच्या लाकडावर पडले. खाली उभी कोकिळा ‘‘अगं आई’’ म्हणाली. सूर्यभान वर बसल्या बसल्या त्या मोकळ्या जागेतून पलीकडचं आभाळ बघत राहिला. दुसरा दगड आणून घडवायला वेळ उरला नव्हता, हे त्यालाही माहीत होतं आणि दिनकररावांनाही.

साहेबाचा हुकूम दुसऱ्याच दिवशी आला. कमान काढा.

‘‘तुम्ही घरी जा मिस्तरी,’’ दिनकरराव त्याला म्हणाले. त्यांचा आवाज त्या दिवशी मऊ होता. ‘‘मी दुसरी माणसं लावतो.’’

‘‘दुसऱ्याला कळायचं न्हाई मालक,’’ सूर्यभान म्हणाला. ‘‘आदार चुकीचा काडला तर सगळा भार कुनाच्या तरी अंगावर यील.’’ हे खरं होतं. कमान बांधायला जेवढी अक्कल लागते तेवढीच ती माणूस न मारता पाडायला लागते, आणि तिथं ती त्याच्या एकट्याजवळ होती. म्हणून आधाराखालच्या पाचरी त्यानंच काढल्या. सगळ्यांना लांब उभं केलं, शेवटची पाचर दोरानं ओढली, आणि बापाची कमान एका दमात खाली बसली. धूळ उठली. चुना अजून पुरता वाळला नव्हता, त्यामुळं आवाजसुद्धा मोठा झाला नाही.

या वेळी दगडांवर खुणा कुणी केल्या नाहीत. ते उघड्या वाघिणीत टाकून नदीवरच्या पुलाशी नेले आणि पुरानं पाया खरवडू नये म्हणून पुलाच्या पायथ्याशी लोटले. सूर्यभाननं साहेबापुढं हात जोडून ‘‘दगड तेवढे ठिवा हुजूर’’ म्हणून पाहिलं. पण पुलाला दगड हवेच होते आणि हे आयते होते. साहेबाचंही काही चुकत नव्हतं. पूल पडला असता तर माणसं मेली असती. कुणाचंच काही चुकत नव्हतं, आणि सूर्यभानला तेच असह्य झालं होतं. एखादा बदमाश भेटला असता तर त्याच्या नावानं तरी ओरडता आलं असतं.

रूळ टाकले, त्यावर स्लॅब पडला. सूर्यभान त्या कामावरही राहिला, कारण दुसरं काम नव्हतं. कोकिळा सिमेंटाच्या पाट्या वाहत होती. स्पेशल गाडी आली, न थांबता गेली. तिच्या खिडक्यांचे पडदे ओढलेले होते.

पाडवा उलटला. स्लॅबच्या खालच्या अंगाला गिलावा करायचा राहिला होता, तो सूर्यभान करत होता. तेवढ्यात शेताच्या बाजूनं हलगीचा आवाज आला. त्यानं वळून पाहिलं. एक बैलगाडी येत होती, बैलांच्या शिंगांना फडकी, पुढं हलगीवाला, मागं गावातल्या बायका, आणि गाडीच्या तोंडाशी धुरपताबाई, नवं लुगडं नेसलेली. तिचा चेहरा असा उजळला होता की सूर्यभाननं तिला चटकन ओळखलंच नाही.

‘‘मिस्तरी!’’ ती लांबूनच ओरडली. ‘‘नात झाली रे! दोगी बी ठणठणीत हायत! बारसं झालं की आदी तुज्या घरी घिऊन यीन!’’ गाडी येऊन थांबली. खाली उतरून तिनं त्याच्या सिमेंटानं माखलेल्या हातावर गूळ ठेवला, कोकिळेच्या हातावर ठेवला, मजुरांना वाटला.

‘‘लय चांगलं झालं मावशी,’’ सूर्यभान म्हणाला. आणि ते त्यानं मनापासून म्हटलं. त्याला खरोखर बरं वाटलं होतं. पोटात खोल कुठंतरी, सगळ्याच्या खाली, पण वाटलं होतं.

‘‘मी शब्द दिल्ता,’’ धुरपताबाई म्हणाली आणि तिनं गाडीवरचं पोतं बाजूला सारलं. ‘‘घे बाबा तुजी अमानत.’’

पोत्याखाली दगड होता. तिनं देवाला रीतसर निरोप दिला होता. कमानीवर बसायचं, खालून माणसं पायात जोडे घालून जाणार येणार, तिथं देव कसा ठेवायचा? म्हणून तीन दिवस खपून बायकांनी त्याचा शेंदूर खरवडून काढला होता. तेल लावून, ऊन पाण्यानं, चिंचेनं घासून घासून पाकळीच्या आतल्या कोपऱ्यातलासुद्धा काढला होता. भुजंगानं कोरलं त्या दिवशी असेल तसं ते कमळ काळंभोर, लखलखीत वर आलं होतं. सूर्यभाननं ते असं स्वच्छ कधी पाहिलं नव्हतं; शेंदूर लावला तेव्हा त्यावर आगीची काजळी होती. लहानपणी बापाच्या खांद्यावरून पाहिलं ते खालूनच. त्यानं हात पुसला आणि मधल्या कळीवर ठेवला. तिथं टाकी अशी हलकी चालली होती की बोटाला खडबड लागत नव्हती.

धुरपताबाईनं मान वर करून स्टेशनाकडं पाहिलं. लिंबाशी ती रोज यायची ती शेतातून, मागच्या बाजूनं, आणि पुढची पडवी तिकडून दिसत नव्हती. आधी सहज पाहिलं. मग नीट पाहिलं. डोळ्यांवर हात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत तिनं त्या सपाट, करड्या स्लॅबवरून नजर फिरवली.

‘‘कमान कुटं हाय रे?’’ तिनं विचारलं.

सूर्यभाननं कळीवरचा हात काढून घेतला. आश्रुबानं मान खाली घातली. हलगीवाल्याला काही कळलं नव्हतं, तो आपला वाजवतच होता. कोकिळेनं हात करून त्याला थांबवलं आणि पदर तोंडाशी धरला. धुरपताबाईच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरत गेला. तिनं सूर्यभानच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला सगळं कळलं. ‘‘मला सांगायचं की रे लेकरा,’’ ती पुटपुटली. पण सांगून तिनं काय केलं असतं, हे तिलाही ठाऊक नव्हतं, त्यालाही नाही.

गाडीवाल्याला परत जायची घाई होती. बैल उन्हात उभे होते. मागचं फळकूट काढून, दगडाला दोर लावून तो तयार झाला आणि म्हणाला, ‘‘मिस्तरी, बोला बिगीबिगी. कुटं उतरवू?’’

सूर्यभाननं स्टेशनाकडं पाहिलं, लिंबाकडं पाहिलं, लाइनीच्या दोन्ही टोकांकडं पाहिलं. सगळं आयुष्य त्यानं कुठला दगड कुठं बसवायचा हे लोकांना सांगण्यात घातलं होतं. गाडीवाल्यानं पुन्हा विचारलं, आणि त्याला सांगता येईना.